चेस्टनट : धुरापासून बरणीपर्यंत

चेस्टनटची गणना सुकामेव्यात होत असली, तरी टिकाऊपणात ते बदाम-अक्रोडाच्या पंगतीत बसत नाही. बदामात निम्म्याच्या आसपास तेल असते आणि पाणी नावापुरते. ताज्या चेस्टनटमध्ये निम्मे पाणीच असते. उरलेल्यात बहुतेक स्टार्च आणि साखर, आणि तेल दोन-तीन टक्क्यांच्या घरात. त्यामुळे झाडाखालून वेचलेले फळ तसेच टोपलीत राहिले, तर काही आठवड्यांत सुकून दगड होते, नाहीतर बुरशीने आतून काळे पडते. कोकणातल्या माणसाला फणसाची आठळी आठवली तर हा स्वभाव लगेच कळेल. वर चिवट साल, आत तुरट पापुद्रा, उकडल्यावर पिठूळ गर, आणि नासण्याची तीच घाई. म्हणूनच तर आठळ्यांना माती फासून त्या पावसाळ्यासाठी राखून ठेवायच्या.

ज्या झाडाचा हा इतिहास आहे ते दक्षिण युरोपच्या डोंगरांतले गोडे चेस्टनट, शास्त्रीय नाव कास्टानिया सटिवा. शिंगाड्याला इंग्रजीत असेच नाव मिळाले असले तरी ती पाणवनस्पती वेगळी, आणि बागांतून शोभेसाठी लावतात ते हॉर्स चेस्टनटही वेगळे. त्याचे फळ विषारी असते. गोड्या चेस्टनटची काटेरी बोंडे ऑक्टोबरात उकलू लागतात. एका बोंडात बहुधा तीन फळे असतात. नोव्हेंबर सरता सरता हंगाम आटोपतो. फळ हाती येते तेव्हा अनेकदा त्याच्या आत पाहुणा आधीच बसलेला असतो. एक भुंगा आणि काही पतंग फळ झाडावर असतानाच अंडी घालतात, आणि वरून तकतकीत दिसणाऱ्या फळातून पुढे केव्हातरी गोल भोक पाडून अळी बाहेर येते. एवढ्या थोड्या दिवसांत येणारे आणि इतके नाशवंत असलेले हे फळ डोंगरातली माणसे वर्षाचे सात-आठ महिने खात होती. ते कसे, हाच चेस्टनट साठवण्याच्या इतिहासाचा गाभा आहे. घरी काचेच्या बरणीत ते भरून ठेवण्याची रीत त्यात सर्वांत शेवटी येते. ती आजीच्या आजीपासून चालत आल्यासारखी सांगितली जाते, पण मुळात ती कारखान्याच्या काळातली आहे.

रोमन लोकांनी हे झाड पश्चिम युरोपात दूरवर पसरवले. पहिल्या शतकात प्लिनीने त्याच्या कितीतरी जाती नावानिशी नोंदवल्या. शेतीवर लिहिणाऱ्या पॅलेडियसने पुढे साठवणीचे उपाय दिले आहेत: फळे एकमेकांना लागणार नाहीत अशी वाळूत पुरावीत, जवाच्या बारीक भुशात दडपावीत, नाहीतर कोऱ्या मातीच्या भांड्यांत भरून ती भांडी कोरड्या जागी जमिनीत गाडावीत. या सगळ्यांमागचे धोरण एकच दिसते. फळाचे पाणी उडू द्यायचे नाही आणि एकाची बुरशी दुसऱ्याला लागू द्यायची नाही. अशा पद्धतीने श्रीमंताच्या वाड्यातले चार महिने निभावत असतील. अख्ख्या गावाचे पोट भरेल एवढे धान्य त्यातून साठवता येत नाही.

ते काम आगीने आणि धुराने केले. मध्ययुगात फ्रान्समधल्या सेव्हेन आणि आर्देशच्या खडकाळ उतारांवर, इटलीत आपेनाइन पर्वतात, कॉर्सिका बेटावर गहू नीट पिकत नसे; तिथे चेस्टनट लावले गेले आणि त्याला भाकरीचे झाड म्हटले जाऊ लागले. कॉर्सिकावर जिनोआचे राज्य होते. १५८४ मध्ये तिथल्या गव्हर्नरने प्रत्येक जमीनमालकाला दरवर्षी चार झाडे लावण्याचा हुकूम काढला: एक चेस्टनट, एक ऑलिव्ह, एक अंजीर, एक तुती. बेटाच्या ईशान्येकडच्या एका मुलखाचे नावच पुढे कास्तान्यिच्या पडले.

सेव्हेनमध्ये चेस्टनट वाळवण्यासाठी दगडी खोपटे असत. त्यांना क्लेद म्हणतात. उतारावरच्या पायऱ्यांच्या शेताला टेकून बांधलेले, दोन मजली, धुराडे नसलेले. वरच्या मजल्याची जमीन म्हणजे लाकडी पट्ट्यांची जाळी. डोंगराच्या बाजूने, वरच्या दारातून टोपल्या रिकाम्या करत जाळीवर ताज्या चेस्टनटचा जाड थर पसरायचा. खाली जमिनीवर चेस्टनटचीच बुंधे-खोडे पेटवायची आणि त्यांवर मागच्या वर्षीची फोलपटे टाकून जाळ दाबायचा, म्हणजे ज्वाळा न उठता नुसता ऊबदार धूर वर चढत राहतो आणि छपराच्या दगडी चिपांच्या फटींतून बाहेर पडतो. हे तीन-चार आठवडे, रात्रंदिवस. मधेच थर खालवर करायचा. जाळ भडकला तर जाळीसकट हंगाम खाक, म्हणून कोणीतरी राखणीला असायचेच. उबेला शेजारीपाजारीही येऊन बसत. वाळून फळ आक्रसले की साल सुटते. मग फळे पोत्यात भरून ती पोती ओंडक्यावर आपटायची, किंवा तळाला लोखंडी दाते ठोकलेले जाडजूड बूट घालून ढीग तुडवायचा, आणि शेवटी सुपाने पाखडायचा. तीन किलो ताज्या फळांतून सुमारे एक किलो पांढरेशुभ्र, टणक दाणे उरत. ते लाकडी पेट्यांत दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत राहत. रात्री भिजत घालून सकाळी ते शिजवले की बाजाना नावाचे पातळ सार होई. गरिबाच्या घरी हिवाळाभर तेच.

कॉर्सिकात वेगळ्या खोपटाऐवजी घरातच चुलीवर जाळीचा माळा असे. स्वयंपाकाचा धूर वाया न घालवण्याची ही युक्ती होती. टस्कनीत वाळलेले दाणे दळून पीठ करत, आणि ते पीठ मोठ्या पेट्यांत इतके दाबून ठासत की आत हवा राहू नये. लागेल तेव्हा सुरीने वडीसारखे कापून घ्यायचे. कांपानिया प्रांतातल्या मोंतेल्लाची रीत अधिक खटपटीची आहे. तिथे फळे सालीसकट जाळीवर धुरात वाळवतात, नंतर भट्टीत भाजतात आणि मग पाणी देऊन मऊ करतात. नाताळात विकल्या जाणाऱ्या या प्रकाराला ‘पाद्र्याचे चेस्टनट’ म्हणतात. पीठ आणि वाळलेले दाणे यांवर फ्रान्सच्या राजधानीतूनही नजर होती. बटाट्याचा प्रचारक म्हणून प्रसिद्ध असलेल्या पारमांतिएने १७८० मध्ये खास चेस्टनटवर एक ग्रंथ लिहिला, तो दुष्काळाच्या वेळी भाकरीला काय पर्याय मिळू शकतो याच शोधात.

पाणी काढून फळ टिकवायचा हा मार्ग झाला. याच्या अगदी उलटा मार्गही डोंगरात माहीत होता. इटलीत ताजी फळे थंड पाण्याच्या हौदात चार ते नऊ दिवस बुडवून ठेवत, मधून मधून पाणी बदलत, आणि मग काढून सावलीत नीट सुकवत. पाण्यात अळ्या गुदमरतात. हवा तुटल्याने बुरशीची वाढ थांबते. सौम्यशी आंबवणही होते, त्यातून तयार होणारे आम्ल बुरशीला आणखी दाबते. असे ‘कमावलेले’ चेस्टनट सालीसकट, ताज्यासारखेच, दोन-तीन महिने टिकतात. न उकललेली बोंडेच ढीग करून, वर पानांचे आणि नेच्याचे पांघरूण घालून ओलसर ठेवायची पद्धतही होती. आज साठवणगृहात फळे सुमारे ५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात पाऊण तास बुडवून मग थंड करतात. तत्त्व तेच, फक्त नऊ दिवसांऐवजी काही मिनिटांत अळीचा निकाल लागतो.

साखर या गोष्टीत वरच्या मजल्यावरून उतरली. सतराव्या शतकापर्यंत ती औषधासारखी तोलून विकण्याची वस्तू होती, आणि डोंगरातल्या शेतकऱ्याचा तिच्याशी काही संबंध नव्हता. पाकात मुरवलेले चेस्टनट, म्हणजे मारों ग्लासे, हा दरबारी पदार्थ. तो पहिल्यांदा कुठे झाला यावर इटलीतले पिएमोंते आणि फ्रान्समधले लियाँ यांचा वाद अजून मिटलेला नाही, आणि मिटण्यासारखा पुरावाही कोणाकडे नाही. छापील कृती फ्रान्समध्ये १६६७ मध्ये ला व्हारेनच्या मिठाईवरच्या पुस्तकात सापडते. यासाठी फळही निवडक लागते. साध्या फळात आतला पापुद्रा गरात घुसून त्याचे दोन-तीन भाग करतो, मग सोलताना तुकडे पडतात. ‘मारों’ म्हणून विकायचे तर अशी दुभंगलेली फळे शंभरात बारापेक्षा कमी असावीत, असा फ्रान्समधला नियम आहे. सोललेली फळे फुटू नयेत म्हणून बारीक जाळीच्या कापडात जोडी-जोडीने बांधून मंद शिजवतात. मग पातळ पाकात ठेवून तो पाक रोज थोडा थोडा घट्ट करत नेतात. एकदम गोळीबंद पाकात टाकले तर बाहेरचे साखरेचे कवच आतला ओलावा खेचून घेते आणि फळ आक्रसून रबरासारखे होते. हळूहळू केले तर पाण्याची जागा साखर घेते. शेवटी वरून साखरेचा पातळ मुलामा आणि क्षणभर भट्टी.

तोपर्यंत या गोष्टीत काचेची बरणी कुठेच नव्हती. ती आणली एका हलवायानेच. निकोला आपेर याचे पॅरिसमध्ये र्यू दे लोंबार या रस्त्यावर मिठाईचे दुकान होते. साखर सगळ्याचीच चव बदलते आणि महागही पडते, ही त्याची मिठाईवाल्याची अडचण होती. १७९५ च्या सुमारास त्याने रुंद तोंडाच्या बाटल्यांत पदार्थ भरून, बूच तारेने आवळून, त्या पाण्यात उकळण्याचे प्रयोग सुरू केले. फळ, वाटाणे, मांस, दूध, सगळ्यावर. १८१० मध्ये सरकारने त्याला १२,००० फ्रँक दिले आणि अट घातली की पद्धत छापून जाहीर करावी. त्या पुस्तकात चेस्टनटलाही जागा मिळाली. पदार्थ का टिकतो, हे आपेरला माहीत नव्हते. जिवाणूंचा उलगडा पुढे पास्तरने केला. पण वाळवणे, बुडवणे आणि पाकवणे यांच्या शेजारी चौथी वाट मोकळी झाली: पाणीही तसेच, चवही तशीच, फक्त उष्णता आणि बंद झाकण.

या वाटेवर चेस्टनटचा मोठा व्यवहार सुरू झाला तो मात्र रेशमाच्या संकटातून. आर्देश आणि सेव्हेनमध्ये चेस्टनट पोटाला आणि रेशीम पैशाला, अशी वाटणी होती. आर्देशचाच ऑलिव्हिए द सेर याने १६०० मध्ये शेतीचा मोठा ग्रंथ लिहिला आणि तुतीच्या लागवडीचा हिरिरीने पुरस्कार केला. १८५० च्या दशकात रेशमाच्या किड्यांवर पेब्रीन नावाचा रोग आला आणि घरोघरचे उत्पन्न बसले. १८६५ पासून पास्तर याच रोगासाठी सेव्हेनमधल्या आलेस गावी येऊन काम करत होता. त्याने निरोगी अंडी निवडण्याची पद्धत बसवली, पण तेवढ्यात आशियातले रेशीम स्वस्तात येऊ लागले आणि गेलेला धंदा पूर्वीसारखा परतला नाही. अशा वेळी आर्देशची राजधानी प्रिव्हास इथे क्लेमां फोजिए याने १८८२ मध्ये मारों ग्लासेचा कारखाना काढला. रेशमातून मोकळे झालेले, बारीक कामाला सरावलेले हात तिथे होतेच. मारों ग्लासेत फुटीर माल फार निघतो. त्या तुकड्यांचे काय करायचे, याचे उत्तर त्याने १८८५ मध्ये काढले: तुकडे, चेस्टनटचा लगदा, साखर आणि व्हॅनिला एकत्र घोटून डब्यात भरलेली क्रेम द मारों. आज फ्रान्समध्ये चेस्टनटचा डबा म्हणजे बहुधा हाच पदार्थ.

घरची बरणी या कारखान्याच्या मागून आली. त्यासाठी दोन गोष्टी स्वस्त व्हायला हव्या होत्या, साखर आणि झाकण. बीटपासून साखर काढण्याला नेपोलियनच्या काळात राजाश्रय मिळाला आणि शतक संपेपर्यंत ती सामान्य घरात पोचली. झाकणाची गोष्ट वेगळ्याच देशांत घडली. अमेरिकेत जॉन मेसनने १८५८ मध्ये आट्यांच्या झाकणाच्या बरणीचे पेटंट घेतले. जर्मनीत रुडॉल्फ रेम्पेल याने १८९२ मध्ये काचेचे झाकण, रबरी चकती आणि उकळल्यावर आपोआप बसणारी निर्वात पकड यांचे पेटंट घेतले. ते योहान वेकच्या हाती गेले आणि १९०० मध्ये त्याच्या नावाची कंपनी उभी राहिली. फ्रान्समध्ये १९३० च्या दशकात तारेच्या कडीची ‘ल पार्फे’ बरणी घराघरांत शिरली. आता आपेरचे काम मोठ्या पातेल्यात, तळाला फडके अंथरून, गृहिणीला करता येऊ लागले.

आणि त्या बरणीत तिने काय भरले? वाळलेल्या दाण्यांचे सार नव्हे. चेस्टनट भाकरीच्या जागेवरून उतरत होते, म्हणून ते गोडाच्या जागी चढले. घरच्या क्रेममध्ये मेहनतीचा बराच वाटा सोलण्यातच जातो. फळाच्या सपाट बाजूला सुरीने चीर द्यायची, थोडा वेळ उकळायचे आणि पाण्यातून दोन-चारच बाहेर काढून गरम असतानाच साल आणि पापुद्रा दोन्ही ओढायचे. गार झाले की पापुद्रा पुन्हा गराला चिकटतो, आणि त्याचा तुरटपणा साखरेलाही दबत नाही. मऊ शिजवलेला गर चाळणीतून काढून त्याच्या बरोबरीने साखर, थोडे पाणी आणि चिरलेली व्हॅनिलाची शेंग घालून आटवायचे. चमचा फिरवला की भांड्याचा तळ क्षणभर दिसला पाहिजे. हे मिश्रण फसफसून उडते आणि हातावर पडले तर चटका खोल बसतो, म्हणून लांब दांड्याचाच चमचा घेतात. तापलेल्या बरण्यांत गरमच भरून झाकण लावले की झाले. इटलीत सोललेली अख्खी फळे पाकात घालून वर रम किंवा ग्राप्पा ओततात. तिथे टिकवण्याचे अर्धे काम दारू करते.

जपानमध्ये हाच हंगाम वेगळ्या वाटेने बरणीपर्यंत गेला. तिथले चेस्टनट वेगळ्या जातीचे, आणि झाडाशी माणसाचे नाते फार जुने. आओमोरीजवळच्या सान्नाई-मारुयामा या प्रागैतिहासिक जोमोन काळातल्या वस्तीत चेस्टनटचे प्रचंड खांब सापडले आहेत. वाळवून कांडलेले काचिगुरी तिथेही जुने. घरात भरतात ते मुख्यतः दोन प्रकार. कानरोनी म्हणजे सोललेली फळे गार्डेनियाच्या फळासोबत शिजवून पिवळीधमक करायची आणि पाकात ठेवायची. नववर्षाच्या जेवणातल्या कुरी किंतोनमध्ये ती जातात आणि तो सोनेरी रंग समृद्धीचा मानतात. शिबुकावानी याच्या उलट आहे. साल काढायची पण पापुद्रा अजिबात फाटू द्यायचा नाही, सोडा घातलेल्या पाण्यात पुन्हा पुन्हा उकळून तुरटपणा काढायचा आणि मगच पाकात घालायचे. युरोप ज्या पापुद्र्याशी झगडतो तोच इथे शोभेचा भाग होतो. कौशल्याच्या दृष्टीने हा प्रकार फ्रेंच क्रेमपेक्षा कितीतरी अवघड आहे.

बरणीला एक धोका चिकटलेला होता, तो मागाहून कळला. १८९५ च्या डिसेंबरात बेल्जियममधल्या एलेझेल गावी मयताला आलेल्या वादकांच्या चमूने मुरवलेले डुकराचे मांस खाल्ले. अनेक जण आजारी पडले आणि तिघे दगावले. एमिल व्हान एर्मेन्गेमने त्या मांसातून बोट्युलिझम नावाच्या विषबाधेचा जिवाणू शोधून काढला. हा जिवाणू हवा नसलेल्या, आम्ल नसलेल्या जागी फोफावतो आणि त्याचे बीजाणू १०० अंशांच्या पाण्यात उकळूनही मरत नाहीत. त्यांना १२१ अंशांच्या आसपासची दाबाखालची वाफ लागते. चेस्टनट आम्लहीन आहे. म्हणजे नुसत्या पाण्यात भरून, घरच्या पातेल्यात उकळून बंद केलेली अख्ख्या फळांची बरणी याच धोक्याच्या यादीत येते. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९१७ मध्येच अशा आम्लहीन पदार्थांसाठी दाबाच्या भांड्याची शिफारस केली. युरोपातल्या घरांत मात्र दोन-तीन तास उकळण्याची जुनी सवय पुढे बराच काळ चालू राहिली. क्रेममध्ये ही भीती कमी असते, कारण बरोबरीची साखर पाणी धरून ठेवते आणि जिवाणूला ते मिळत नाही. पण हल्लीच्या कृतींत आरोग्याच्या नावाने साखर निम्म्यावर आणतात आणि बरणी तरीही फडताळावर ठेवायला सांगतात. ही सांगड चुकीची आहे.

फळाचे राज्य तोपर्यंत आटत आले होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुळे काळी करणारा शाई रोग पसरला. लाकडातून टॅनिन काढणाऱ्या कारखान्यांनी हजारो जुनी झाडे विकत घेऊन तोडली. भाकरीपेक्षा लाकडाला भाव जास्त मिळत होता. गावे शहरांकडे रिकामी झाली, क्लेदांची छपरे कोसळली. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात दिसलेल्या करपा रोगाने पुढच्या अर्ध्या शतकात अमेरिकन चेस्टनट जवळजवळ संपवले, आणि १९३८ मध्ये तो जिनोआजवळ उतरला. युरोप थोडक्यात वाचला, कारण तिथे बुरशीलाच एका विषाणूने ग्रासले आणि बऱ्याच झाडांच्या जखमा भरून आल्या. २००२ मध्ये पिएमोंतेत आशियातली गाठमाशी आली आणि काही हंगाम टोपल्या रिकाम्या राहिल्या. तिच्यावर जगणारी परजीवी माशी सोडल्यावर उत्पन्न सावरले. आर्देशच्या चेस्टनटला आणि कॉर्सिकाच्या पिठाला २००६ मध्ये फ्रान्सचे मूळस्थान-मानांकन मिळाले. पिठासाठी काही ठिकाणी धुराची खोपटी पुन्हा पेटू लागली.

नुसत्या, साखर नसलेल्या चेस्टनटची बरणी आता दुकानातून येते. कारखान्यात दाबाच्या वाफेत ती निर्जंतुक होते, आणि तिच्या जोडीला निर्वात पाकिटे आहेत. घरी तेच हवे असेल तर सोललेली फळे फ्रीझरमध्ये ठेवणे सोपे आणि बिनधोक. घरच्या काचेच्या बरणीला उरली ती क्रेम; ती करायची तर साखर बरोबरीची घ्यावी, बरण्या लहान असाव्यात आणि उघडलेली बरणी फ्रिजमध्ये ठेवून लवकर संपवावी.